पेटीवरची तीन बोटे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासाच्या व्हरांड्यात बसलो होतो. पागोळ्या गळत होत्या. इतक्यात गायनवृंदातील तिघे, दोन युवक आणि एक युवती, छत्र्या झटकीत पायरीशी येऊन उभे राहिले. एकाच्या पाठीवर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली गिटार होती.

"फादर, चर्चच्या सणासाठी आम्ही एक गाणं करतोय. शब्द झालेत, चालही थोडी आहे. पण कॉर्ड बसत नाहीत."

"बसत नाहीत म्हणजे काय होतं?" आम्ही विचारले.

दोघे मुलगे एकमेकांकडे पाहू लागले. मग ती मुलगी म्हणाली, "मोबाइलवर बघून बोटं कुठं ठेवायची ते कळतं, फादर. पण तिथंच का ठेवायची, ते कळत नाही."

कुठे हे कळते, पण का हे कळत नाही! पुष्कळ वर्षांत इतका सरळ प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता. आम्ही काही संगीतज्ञ नव्हे. सेमिनरीत असताना एका वयोवृद्ध गोवेकर धर्मगुरूंच्या हाताखाली पेटी व ऑर्गन यांवर बोटे फिरवावयास शिकलो, हार्मनीचे एक जाडजूड पुस्तक निम्मेअधिक समजून घेतले, एवढीच आमची पुंजी. तरीही पुढचे चार रविवार, धर्मशिक्षणाचे वर्ग सुटल्यावर तासभर बसायचे, असे त्या तिघांशी ठरले. त्या चार रविवारांत जे घडले ते वाचकांपुढे मांडावे असे वाटते. त्यात थोडे शिकवणे आहे आणि शेवटी थोडी कबुलीही आहे.

पहिल्या रविवारी आम्ही गिटार बाजूला ठेवावयास सांगितली आणि पेटी पुढे ओढली. गिटारच्या तारांवर स्वर लपून बसलेले असतात. पेटीवर मात्र ते ओळीने डोळ्यांपुढे असतात. पांढरी एक ही पट्टी षड्ज धरली, तर सा रे ग म प ध नि हे सातही शुद्ध स्वर नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर मिळतात; काळीला हात लावावा लागत नाही. पाश्चात्त्य मंडळी या पट्ट्यांना सी, डी, ई, एफ, जी, ए, बी म्हणतात, आणि या सप्तकाला सी मेजर. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. सी हे गावाचे नाव आहे, सा हे नात्याचे. गाव जागचे हलत नाही. नाते मात्र ज्याच्या त्याच्या घराप्रमाणे बदलते. पांढरी पाचला सा धरला, तर तिथे जी मेजरचे घर उभे राहते. त्यासाठी एक काळी पट्टी लागते, इतकेच.

पश्चिमेकडेही नात्याची नावे आहेतच. अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या एका बेनेडिक्टाइन मठवासीयाने, मुलांना स्तोत्रे लवकर शिकता यावीत म्हणून, संत योहान बाप्तिस्ता यांच्या एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींची आद्याक्षरे घेतली. उत, रे, मी, फा, सोल, ला ही नावे त्यांतून आली. पुढे उतचा दो झाला आणि सातवा स्वर जोडला गेला. गायनवृंदाच्या नवशिक्या मुलांसाठी डोके शिणवणारा तो मठवासी आम्हांला नेहमीच जवळचा वाटत आला आहे.

आता कॉर्ड म्हणजे काय? तिला मराठीत स्वरमेळ म्हणावे. एका स्वरावर बोट ठेवावे, पुढचा स्वर सोडावा, त्यापुढचा घ्यावा. पुन्हा एक सोडावा आणि एक घ्यावा. सा घेतला, रे सोडला, ग घेतला, म सोडला, प घेतला. सा, ग आणि प एकदम दाबा. हा झाला षड्जाचा स्वरमेळ; पांढरी एकला सा असेल तर तीच गिटारवाल्यांची सी मेजर.

"पण हेच तीन का?" मुलीने लगेच विचारले.

चर्चच्या माळ्यावर एक जुना तानपुरा होता, तो आम्ही आणवला. त्याच्या चार तारा प, सा, सा आणि खर्जाचा सा अशा लावलेल्या. ग एकाही तारेत नाही. तरी तारा नीट जुळल्या आणि शांतपणे छेडल्या की काही क्षणांनी हवेत गांधार ऐकू येऊ लागतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तार नुसती एका स्वरात कधीच कंप पावत नाही. मूळ स्वराच्या पोटात इतर स्वर मंदपणे वाजत असतात, आणि त्यांतील ठळक म्हणजे पंचम आणि गांधार. म्हणजे सा-ग-प ही कोणी दरबारात बसून केलेली आज्ञा नव्हे. ती तारेच्या पोटातच आहे. स्वरमेळ वाजवणारा माणूस सृष्टीत मुळात असलेली गोष्ट जरा मोठ्याने म्हणतो, इतकेच. मुले तानपुऱ्याला कान लावून बराच वेळ बसली. शेवटी एकाने हात वर केला, "आला, फादर!"

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट दाखवली. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या, तर सापासून ग चार पायऱ्यांवर आहे आणि गपासून प तीन. आधी चार, मग तीन: हा मेजर. मधले बोट एक पट्टी मागे घेऊन कोमल ग धरा; आता आधी तीन, मग चार: हा मायनर. बाकी दोन बोटे जागची हलली नाहीत, पण खोलीतला उजेड बदलल्यासारखे झाले. मेजर म्हणजे आनंद आणि मायनर म्हणजे दुःख, असे लोक सर्रास सांगतात. ते अगदी खोटे नाही, पण त्यावर फार विसंबू नये. मायनरमध्ये नाचाची गाणी आहेत आणि मेजरमध्ये डोळे भरून येणारी.

दुसऱ्या रविवारी सातही स्वरांवर एकेक घर बांधले. एक सोडून एक, हाच नियम. सा, म आणि प या तिघांवर मेजर येतो. रे, ग आणि ध यांच्यावर मायनर. उरलेल्या नि वर नि-रे-म असा एक अवघडलेला स्वरमेळ येतो. नवशिक्याने त्याला तूर्त दुरूनच नमस्कार करावा. मग आम्ही मुलांना फळ्यावर लिहावयास लावले. सा चा मेळ: सा, ग, प. म चा मेळ: म, ध, सा. प चा मेळ: प, नि, रे. आता या तीन ओळींत कोणता स्वर राहिला ते शोधा. मुलांनी शोधले. एकही राहिला नव्हता! सातही स्वर या तीन मेळांत कुठे ना कुठे येतात. म्हणजेच शुद्ध स्वरांतील बहुतेक साध्या चाली या तीन कॉर्डवर तोलून धरता येतात. जगातील कितीतरी लोकगीते आणि भक्तिगीते या तिघांच्या आधाराने उभी आहेत, ती यामुळेच.

आणि दाखला तर आपल्या घरातला! साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडोर्फ या नदीकाठच्या गावी योझेफ मोर नावाचे तरुण सहायक धर्मगुरू होते. त्यांनी १८१६ साली एक नाताळगीत लिहिले होते. १८१८ साली नाताळच्या आदल्या दिवशी ते त्यांनी शेजारच्या गावचे शाळामास्तर आणि चर्चचे ऑर्गनवादक फ्रान्झ झेवियर ग्रुबर यांच्या हाती दिले आणि दोन आवाज व गिटार यांसाठी चाल मागितली. त्याच रात्री ते गीत गायले गेले. आज 'सायलेंट नाइट' या नावाने ते सर्व जग जाणते. त्याच्या साध्या साथीत किती कॉर्ड लागतात? सा, म आणि प, तीनच. मोठ्या वाद्यवृंदाची वाट पाहत बसले असते, तर ते गीत त्या रात्री झाले नसते.

या तिघांचे स्वभाव मुलांना सांगण्यासाठी आम्ही घराची उपमा घेतली. सा म्हणजे आपले घर. म म्हणजे शेजारचे अंगण; तिथे जाऊन बसावे, घर दिसत असते, परतण्याची घाई नसते. प म्हणजे बाजारपेठ. तिथून मात्र पाय घराकडे ओढ घेतात. ही ओढ काल्पनिक नाही. प च्या मेळात नि आहे, आणि नि हा वरच्या सा च्या अगदी दारात, एका पट्टीवर उभा आहे. त्याला आत यायचे असते. त्या मेळात प-नि-रेच्या जोडीला चौथे बोट म वर ठेवले, तर ओढ आणखी वाढते. म ला खाली ग कडे उतरायचे असते आणि नि ला वर सा कडे चढायचे असते. गिटारवर जिच्या नावापुढे सात असे लिहिलेले असते, ती हीच कॉर्ड. आपल्या जुन्या स्तोत्रांच्या अखेरीस ऑर्गनवर 'आमेन' म्हणताना जे दोन मेळ वाजतात, ते मात्र म आणि सा. त्यांत बाजारातून परतल्याची धाप नाही. अंगणातून उठून शांतपणे आत येणे आहे.

आता पेटीवरची आमची सर्वांत आवडती युक्ती. नवशिके एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना सगळा हात उचलून उडी मारतात. त्याने गाण्याला हिसके बसतात. स्वरमेळातील तीन स्वर कोणत्याही क्रमाने लावले तरी मेळ तोच राहतो. प्रान्समधील ऑर्गनवादक रामो यांनी १७२२ साली हार्मनीवरचा ग्रंथ लिहिला, त्यात हे तत्त्व व्यवस्थित मांडले आहे. तेव्हा सा-ग-प वरून म च्या मेळाकडे जाताना सा वरचे बोट जागीच राहू द्यावे. ग वरचे म वर सरकवावे, प वरचे ध वर. प च्या मेळाकडे जाताना प वरचे बोट राहू द्यावे. ग वरचे रे वर, सा वरचे नि वर. दोन घरांत जो स्वर समान आहे त्याला हलवू नये, बाकीच्यांनी जवळच्या पायरीवर पाऊल टाकावे. मुलांनी तो सबंध तास याच दोन हालचालींत घालवला, आणि तास संपता संपता पेटी प्रथमच गाऊ लागली.

तिसऱ्या रविवारी क्रमाकडे वळलो. एकामागून एक स्वरमेळ कोणत्या ओळीने यावेत, यालाच कॉर्डचा क्रम म्हणतात. सा, ध, म, प हा एक क्रम. सा, प, ध, म हा दुसरा. गिटारच्या भाषेत सांगायचे तर पहिला सी, ए मायनर, एफ, जी आणि दुसरा सी, जी, ए मायनर, एफ. या दोघांवर गेल्या साठ-सत्तर वर्षांत असंख्य गाणी झाली. मुलांना एक धास्ती होती: "फादर, मग आमचं गाणं दुसऱ्याची नक्कल होईल ना?" आम्ही म्हणालो, ओवीचा साचा कोणाच्या मालकीचा आहे? ज्ञानेश्वर माउलींनी तो वापरला. १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणासाठी फादर थॉमस स्टीफन्स यांनीही ओवीच घेतली. जात्यावर बसून आपल्या आजी-पणजीही तीच गात आल्या. साचा सर्वांचा, दळलेले पीठ ज्याचे त्याचे. कॉर्डच्या क्रमाचेही तसेच. शब्द आणि चाल तुमची असावी. पायवाट जुनी असली तरी बिघडत नाही.

क्रमाची खरी मौज ओळीच्या शेवटी असते. प वरून सा वर आलात, की वाक्य पूर्ण झाले. प वरच थांबलात, तर तो स्वल्पविराम. ऐकणारा पुढच्या ओळीची वाट पाहतो. प वरून सा ऐवजी ध वर गेलात, तर आपल्या दारापर्यंत येऊन शेजारच्या घरात शिरल्यासारखे होते. शेवटची ओळ दुसऱ्यांदा घ्यायची असेल, तर ही युक्ती फार उपयोगी पडते. कडव्याच्या पहिल्या अर्ध्याचा शेवट प वर आणि दुसऱ्या अर्ध्याचा सा वर, असे केले तर नवशिक्याचे गाणेही बांधेसूद वाटते.

हे सारे आपल्याकडे आले कुठून, असेही त्यांनी विचारले. त्याचे एक उत्तर गोव्यात आहे. तेथील चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन, व्हायोलिन आणि समूहगायन शिकवले जाई. त्या शाळांत घडलेले वादक पुढे पोटासाठी मुंबईस आले. आपल्या रागदारीवरच्या चालींखाली स्वरमेळांचा गालिचा अंथरण्याचे काम हिंदी चित्रपटांच्या संगीतात त्यांनीच मोठ्या प्रमाणावर केले. सेबास्तियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील मोठी नावे. संगीतकार जोडीतील प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू हे गोन्साल्विसच. आपल्या आईवडिलांच्या ओठांवरची जी गाणी निव्वळ देशी वाटतात, त्यांच्या खाली कुठेतरी एका गोवेकर चर्चमधला धडा असतो.

चौथ्या रविवारी त्यांची चाल घेतली. कॉर्ड बसवण्याची आमची रीत साधी आहे. ओळ टाळी देत म्हणावी. ठोक्यावर कोणता स्वर पडतो ते पेटीवर शोधावे. तो स्वर ज्या मेळांत आहे, त्यांतून एक निवडावा. समजा ठोक्यावर सा आला. सा हा सा च्या मेळात आहे, म च्या मेळात आहे आणि ध च्याही. तिन्ही वाजवून पाहा. स्वर तोच, पण अर्थ तीन. शब्द ज्याला कौल देतील तो घ्यावा. प्रत्येक स्वराला नवी कॉर्ड देऊ नये. दोन-चार ठोके एकीवरच काढावेत. लेकराला पावलागणिक सावरणारी आई त्याला चालू देत नाही.

चाल आपल्या मातीतली असेल, तर अधिक जपावे. चालीत कोमल नि असेल, तर प चा नेहमीचा मेळ शुद्ध नि मुळे तिच्याशी भांडतो. तिथे कोमल नि, रे आणि म यांचा मेळ लावून पाहावा. यमनच्या अंगाची चाल असेल, तर तीव्र म शी शुद्ध म चा मेळ जुळत नाही. तिथे रे, तीव्र म, ध असा मेळ खुलतो. आणि काही चालींना काहीच नको असते. सा आणि प, दोनच स्वर धरून ठेवावेत आणि चालीला मोकळे सोडावे. ४ डिसेंबर १९६३ रोजी व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा जो दस्तऐवज प्रसृत केला, त्यात ऑर्गनचा गौरव आहे आणि लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य तो मान द्यावा असेही आहे. नवी गीते केवळ मोठ्या गायनवृंदांपुरती न राहता लहान वृंदांना व साऱ्या जमावाला गाता यावीत, ही अपेक्षाही त्यात आहे. म्हणून पट्टी ठरवताना मागच्या बाकावरच्या आजीचा विचार करावा. तिला वरचा स्वर पोहोचत नसेल, तर घर खाली आणावे. गिटारवर जी, सी आणि डी या तीन सोप्या कॉर्ड. पट्टी चढवायची असेल तर कापो लावावा. दर घराला तो एक पट्टी वर नेतो, बोटांची ठेवण मात्र तीच राहते.

तास संपला. दोघे मुलगे गेले. मुलगी मात्र गिटार घेऊन घुटमळत होती.

"फादर, पप्पांचं एक गाणं आहे. घरीच गातात, कधीतरी. तीनच कॉर्ड आहेत. पण तुम्ही सांगितलं तसं ते शेवटी घरी येत नाही. प वरच थांबतं. चुकलंय का ते?"

तिने ते वाजवले. दुसऱ्या ओळीला आमचे हात मांडीवर थिजले. ते गाणे आमच्या ओळखीचे होते.

सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी आम्ही नुकतीच गुरुदीक्षा घेऊन याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक म्हणून रुजू झालो होतो. तेथील गायनवृंदात अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आई पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईस जाई आणि दुपारी परते. लहानपणी तो ओट्यावर बसून तिची वाट पाही. एके दिवशी तिला इस्पितळात नेले. ती परतली नाही. तो ओटा, ती वाट पाहणे, असे ते गाणे होते. उधार आणलेल्या गिटारवर त्याने ते स्वतः बसवले आणि आम्हांला दाखवावयास आणले.

आम्ही काय केले? सेमिनरीतले पुस्तक डोक्यात ताजे होते. आम्ही लाल पेन्सिल काढली. "अरे, गाणं अपुरं राहिलंय. प वर कोणी संपवतं का? ते घरी आलं पाहिजे." त्याच्या वहीत आम्ही आमच्याकडची एक ओळ लिहिली, आई प्रभूच्या घरी सुखात आहे अशा अर्थाची, आणि शेवटी म वरून सा वर आणून व्यवस्थित आमेन करून दिले. तो वहीकडे पाहत राहिला. "बरं, फादर," म्हणाला आणि गेला. पुढच्या रविवारी तो गायनवृंदात दिसला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो नाही. कामे पुष्कळ होती, असे आम्ही तेव्हा स्वतःला सांगितले. पुढे आमची बदली झाली.

आम्ही लिहिलेल्या ओळीत धर्मशिक्षणाच्या दृष्टीने काही चूक नव्हती. हार्मनीच्या दृष्टीनेही नव्हती. चूक ही होती, की ते गाणे का थांबले आहे, हे आम्ही त्याला विचारलेच नाही. बोटे कुठे ठेवायची हे आम्हांला ठाऊक होते. का, हे त्याला ठाऊक होते.

मुलीला आम्ही इतकेच म्हणालो, "चुकलेलं नाही, बाळ. उद्या संध्याकाळी आम्ही तुमच्या घरी येतो म्हणून पप्पांना सांग."

तो आता पंचेचाळिशीचा आहे. लग्नानंतर या धर्मग्रामात राहावयास आला. वर्षभर मिस्सेला मागच्या बाकावर आमच्यासमोर बसत होता, आणि आम्ही त्याला ओळखले नव्हते. त्याने मात्र आम्हांला पहिल्याच दिवशी ओळखले होते. चहा आला. आम्ही मनातले बोलून टाकले आणि त्याची क्षमा मागितली.

तो खाली पाहत म्हणाला, "फादर, तुम्ही सांगितलं ते बरोबरच होतं. मी नंतर शिकलो, तेव्हा कळलं. पण आई घरी आली नव्हती ना. मग गाणं कसं येणार?" थोड्या वेळाने तो हसून म्हणाला, "गायनवृंद सोडला, तो तुमच्यामुळेच असं नाही. कामाला लागलो होतो. पण वही परत उघडली नाही, हे खरं." त्या हसण्याने आमचे ओझे हलके झाले असे सांगता आले असते, तर बरे झाले असते. तसे झाले नाही. वीसेक वर्षे त्या माणसाने दुसरे गाणे केले नाही, आणि त्यात आमच्या पेन्सिलीचा काही वाटा होता.

ऑक्टोबरमध्ये त्याच्या आईची पुण्यतिथी होती. घरी प्रार्थना झाली. प्रार्थनेनंतर त्याने ते गाणे म्हटले; मुलीने गिटार धरली आणि आम्ही पेटी. शेवटची ओळ आली. बोटांना सवय असते. ती आपणहून सा कडे निघाली होती. आम्ही ती आवरली. प, नि, रे हे तीन स्वर भात्यातला वारा संपेपर्यंत धरून ठेवले आणि मग पेटी आपोआप थांबली. कोणी काही बोलले नाही. ओट्यावर त्याची म्हातारी मावशी बसली होती. तिने पदराने डोळे टिपले आणि सुनेला म्हणाली, "दिवा आत घे ग, वारा सुटलाय."

त्या तिघांचे सणाचे गाणेही झाले. त्यात तीनच कॉर्ड आहेत. पहिल्या अर्ध्याचा शेवट प वर आहे आणि दुसऱ्याचा सा वर. आजीला पोहोचावे म्हणून पट्टी दोनदा खाली आणली. सणाच्या दिवशी तिसऱ्या कडव्यापासून सगळे चर्च म्हणू लागले. मागच्या बाकावरून एक पुरुषी आवाज चांगला खणखणीत लागला होता. तो कोणाचा, हे आम्हांला वेदीवरून दिसत होते.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर एखादी जुनी पेटी धूळ खात पडली असेल. ती खाली उतरवा. भाता फाटला असेल तर दुरुस्त करून घ्या. पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच: तीन बोटे ठेवा आणि घरातल्या एखाद्या मुलाला जवळ बसवा. त्याने काही वेडेवाकडे गाणे केले, तर ते आधी शेवटपर्यंत ऐका. पेन्सिल नंतर काढता येते.